कॉलिन काउंटीत घर घेताना: गावाचं नाव नंतर, हद्दी आधी

डॅलस भागात नोकरी लागली की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लेनो, फ्रिस्को की मॅकिनी? ओळखीचं कोणी ना कोणी तिथे राहत असतंच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आपल्या गावाची बाजू हिरिरीने मांडतो. पण एवढ्या एका उत्तरावर घर शोधायला निघू नका. टेक्ससमध्ये गावाचं नाव घराबद्दल फार थोडं सांगतं. ते घर कोणत्या शहराच्या हद्दीत आहे, कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे, पाणी आणि सांडपाण्याची सोय कोणी केली आहे, या सगळ्या हद्दी वेगवेगळ्या आखलेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. कर, शाळा, रस्ते आणि पुढे विकताना येणारा भाव, सगळं त्यांच्यावर ठरतं. स्वयंपाकघराचा ओटा कधीही बदलता येतो. हद्द बदलून मिळत नाही.

कॉलिन काउंटी म्हणजे डॅलसच्या उत्तरेला लागून असलेला पट्टा. १९९० च्या जनगणनेत इथे २,६४,०३६ लोक होते. २०२० मध्ये १०,६४,४६५. एकट्या फ्रिस्कोची वस्ती २००० साली ३३,७१४ होती, वीस वर्षांत ती दोन लाखांवर गेली. टोयोटाने उत्तर अमेरिकेचं मुख्यालय २०१७ साली कॅलिफोर्नियातून प्लेनोला आणलं, मोठ्या बँकांची ऑफिसं आली, आणि घरांची लाट उत्तरेकडे सरकत राहिली. प्लेनो भरलं, मग ॲलन आणि फ्रिस्को, मग मॅकिनी आणि प्रॉस्पर, आता सेलायना, मेलिसा, ॲना, प्रिन्स्टन. वीस हजारांवर वस्ती असलेल्या अमेरिकन शहरांत टक्केवारीने सर्वांत वेगाने वाढलेलं शहर २०२३ साली सेलायना होतं आणि २०२४ साली प्रिन्स्टन. दोन्ही याच काउंटीत.

त्यामुळे एकाच काउंटीत तुम्हाला तीन वयांची गावं दिसतात. पूर्ण बसलेली, वयात येणारी, आणि नुकती शेतातून उगवलेली. प्रत्येक वयाची सुखं वेगळी आणि दुखणीही वेगळी. आपण कोणतं दुखणं सहन करू शकतो, हे घर बघायच्या आधी घरात बसून ठरवलेलं बरं.

शाळा: डिस्ट्रिक्ट पक्कं, शाळा कच्ची

बहुतेक मराठी आईबाप शाळेपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण इथे पहिला गोंधळ होतो. टेक्ससमधलं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी, ही शहरापासून स्वतंत्र संस्था आहे. तिचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, तिचा कर वेगळा, तिची सीमा वेगळी. पत्ता मॅकिनीचा असला तरी घर मॅकिनी आयएसडीत असेलच असं नाही. शहराचा काही भाग फ्रिस्को आयएसडीत, काही प्रॉस्पर आयएसडीत, काही ॲलन आयएसडीत आहे. प्लेनो शहराचाही एक तुकडा फ्रिस्को आयएसडीत येतो. सेलायनाच्या दक्षिण भागातली अनेक घरं प्रॉस्पर आयएसडीत आहेत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या बसमध्ये चढतात, असंही दिसतं.

डिस्ट्रिक्टची सीमा सहसा हलत नाही. मात्र त्या डिस्ट्रिक्टमधली नेमकी कोणती शाळा तुमच्या वाट्याला येईल, ते दर एक-दोन वर्षांनी बदलू शकतं, कारण नवी शाळा उघडली की मंडळ आजूबाजूचे विभाग पुन्हा आखतं. म्हणून जाहिरातीत 'अमुक एलिमेंटरीपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असलं तरी त्याला आजच्यापुरता अर्थ आहे. शाळेच्या भरवशावर घर घ्यायचं तर डिस्ट्रिक्टच्या भरवशावर घ्या.

गावाचं वय इथेही दिसतं. प्लेनो आयएसडीने २०२४ साली चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण जुन्या भागांत शाळेच्या वयाची मुलं कमी झाली. मॅकिनी आयएसडीने तीन प्राथमिक शाळा बंद केल्या, फ्रिस्को आयएसडीने स्टेली मिडल स्कूल. त्याच वेळी प्रॉस्पर आणि सेलायना भागात नव्या शाळांची बांधकामं चालू आहेत. बंद होणाऱ्या शाळांची बातमी वाचून प्लेनोला नाव ठेवणं चुकीचं आहे. तिथे शिक्षण बिघडलं असा याचा अर्थ नाही. पटसंख्या उतरली एवढाच आहे. उलट कडेच्या गावात मूल पोर्टेबल, म्हणजे आवारात तात्पुरत्या उभारलेल्या वर्गात बसेल, दोन वर्षांत शाळा बदलेल, आणि त्या नव्या इमारतींचं कर्ज तुमच्या कराच्या बिलातून फिटत राहील. पहिलीतल्या मुलाला शाळा बदलणं जड जात नाही. नववीतल्या मुलाला जातं. मूल कितवीत आहे त्यावर गावाचं वय निवडा.

कर: घराची किंमत एकदाच, याचं बिल दरवर्षी

टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून बाहेरून येणारी मंडळी खूश असतात. मग मालमत्ता कराचं बिल येतं. हा कर घराच्या दर १०० डॉलर किमतीमागे लावतात आणि तो चार-पाच तुकड्यांचा बनलेला असतो: शाळा, शहर, काउंटी, कॉलिन कॉलेज, आणि कुठे कुठे आणखी एखादी संस्था. काउंटीचा तुकडा साधारण १५ सेंट, कॉलेजचा ८ सेंट. हे दोन्ही सगळीकडे सारखेच. फरक पडतो तो शहर आणि शाळा या दोन तुकड्यांत.

फ्रिस्को शहर आणि फ्रिस्को आयएसडी अशी जोडी असेल तर अलीकडच्या वर्षांत एकूण दर १.७० डॉलरच्या आसपास राहिला आहे. सेलायना शहर आणि प्रॉस्पर आयएसडी अशी जोडी असेल तर २.०५ ते २.१० च्या आसपास. ऐकायला चाळीस सेंटचा फरक. पण समजा, दोन्हीकडे घर साडेपाच लाख डॉलरचं आहे. स्वतः राहत्या घराला होमस्टेड सूट मिळते. शाळेच्या करासाठी ती २०२३ मध्ये एक लाख डॉलर झाली आणि २०२५ च्या मतदानानंतर १,४०,००० झाली. म्हणजे शाळेचा कर ४,१०,००० वर बसेल. शहर आणि काउंटीच्या छोट्या सवलती बाजूला ठेवून गोळाबेरीज केली तर पहिल्या घराचं बिल ७,८०० डॉलरच्या घरात जातं आणि दुसऱ्याचं ९,७०० च्या. महिन्याला दीडशे-एकशे साठ डॉलर जास्त, तेही तेवढ्याच किमतीच्या घरासाठी.

आणि हा हिशेब इथे संपत नाही, कारण नव्या वसाहतींना आणखी दोन गोष्टी चिकटलेल्या असतात. एकीला सगळे 'मड' म्हणतात, दुसरीला 'पिड'. शेताच्या जमिनीवर दोन हजार घरं उभी करायची तर आधी रस्ते, जलवाहिन्या, ड्रेनेज टाकायला हवं. शहराकडे तेवढे पैसे नसतात. मग त्या वसाहतीपुरतं स्वतंत्र डिस्ट्रिक्ट काढून कर्जरोखे विकतात, आणि ते कर्ज पुढची वीस-तीस वर्षं तिथे राहणारे लोक फेडतात. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. त्याचा कर घराच्या किमतीवर, टक्केवारीने लागतो, आणि वसाहत भरत गेली, कर्ज फिटत गेलं की तो दर सहसा उतरतो. पिड म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. त्यात प्रत्येक प्लॉटवर ठरावीक रक्कम बसवलेली असते आणि तिचा हप्ता दरवर्षी भरायचा. होमस्टेडची सूट तिला लागू होत नाही, आणि कराविरुद्ध दाद मागून घराची किंमत कमी लावून घेतली तरी पिडचा आकडा सहसा हलत नाही. मात्र बरेचदा ती एकरकमी भरून मोकळं होता येतं, आणि घराच्या सौद्यात ती रक्कम भरून देण्याविषयी बोलताही येतं.

पिड किंवा मड असलं म्हणून घर वाईट ठरत नाही. त्याच पैशातून तलाव, पायवाटा, क्लबहाउस आलेले असतात. पण शेजारच्या गावातलं घर चाळीस हजारांनी स्वस्त दिसतंय तेव्हा आधी विचारा की पिड किती वर्षांचं आहे आणि वर्षाला किती. ती चाळीस हजारांची स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच सापडते. विकणाऱ्याने याची लेखी नोटीस द्यायलाच हवी असा टेक्ससचा कायदा आहे. नोटीस पन्नास कागदांच्या गठ्ठ्यात येते. ती शोधून काढून वाचा.

आता नव्या घरांबाबतची एक गोष्ट, जी इथे दरवर्षी कितीतरी कुटुंबांना घाम फोडते. काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट मालमत्तेची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवरून ठरवतं. तुम्ही ऑगस्टमध्ये नवं कोरं घर घेतलंत, पण १ जानेवारीला तिथे मोकळा प्लॉट होता. त्या वर्षाचं बिल फक्त जमिनीचं येतं, समजा २,४०० डॉलर. लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक, त्यावरून एस्क्रोचा (कर भरण्यासाठी तुमच्याकडून दरमहा जमा करायच्या रकमेचा) हप्ता महिना २०० डॉलर ठरवतो आणि सगळं झकास चालतं. पुढच्या वर्षी पूर्ण घराची किंमत लागते, बिल १०,००० चं येतं. लेंडर आधी स्वतः ते भरतो, मग तुमच्याकडून दोन गोष्टी एकदम मागतो: गेल्या वर्षीची साडेसात हजारांची तूट बारा हप्त्यांत, आणि यापुढचा खरा हप्ता. महिन्याचा भरणा एकाच पत्राने बारा-साडेबाराशे डॉलरने वाढतो. नोकरी तीच, पगार तोच. यावर उपाय साधा आहे. घर घेतानाच लेंडरला सांगा की एस्क्रो पूर्ण किमतीवर धरा. आणि तो तयार नसेल तर फरकाची रक्कम दर महिन्याला स्वतःच वेगळ्या खात्यात टाकत चला.

होमस्टेडचा अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फुकट भरता येतो. घर घेतल्यावर 'तुमचा अर्ज भरून देतो, इतके डॉलर पाठवा' अशी सरकारी दिसणारी पत्रं येतात, ती सरळ फाडून टाका. हा अर्ज महत्त्वाचा अशासाठी की तो मंजूर झाल्यानंतरच्या वर्षापासून करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. किंमत जास्त लावली असं वाटलं तर साधारण १५ मेपर्यंत दाद मागता येते. बिल भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी.

काळी जमीन

कॉलिन काउंटीची माती मराठवाडा-विदर्भातून आलेल्या माणसाला बघताक्षणी ओळखू येईल. हा सगळा ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा. एके काळी इथे मैलोन् मैल कापूस पिकायचा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारखीच ही चिकण काळी माती आहे, मृदाशास्त्रात दोन्ही एकाच गटात मोडतात. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही जमीन उत्तम. घराला मात्र ती त्रास देते, कारण पाया वर-खाली होत राहतो.

म्हणून इथली नवी घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर बांधतात: काँक्रीटमध्ये पोलादी केबल टाकून त्या ताणून घट्ट करतात, म्हणजे स्लॅब एकसंध हलतो. पण त्यालाही मर्यादा आहे. घर बघायला जाल तेव्हा विक्रीसाठी मांडून ठेवलेल्या फर्निचरवरून नजर काढून खिडक्या-दारांचे कोपरे बघा. तिथून तिरप्या भेगा निघाल्यात का? बाहेरच्या विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग चढत गेली आहे का? बेडरूमचं दार चौकटीत अडकतं का, किंवा सोडलं की आपोआप फिरतं का? घराभोवतीची माती घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती हवी. पाणी पायाशी साचत असेल तर ते लक्षण चांगलं नाही. भिंतीला खेटून मोठं झाड असेल तर त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतात. आणि हो, इथे जुलै-ऑगस्टमध्ये लोक पायाला पाणी घालतात. भिंतीपासून थोड्या अंतरावर ठिबकसारखी झिरपणारी नळी घराभोवती फिरवतात, म्हणजे माती सगळीकडून सारखी ओली राहते. नवख्याला हसू येतं, पण पुढचा मोठा खर्च त्यामुळे टळतो.

प्लेनोच्या जुन्या भागातली सत्तर-ऐंशीच्या दशकातली घरं बघताना 'पाया दुरुस्त केलेला आहे' असं ऐकलं की बरेच जण उठून चालायला लागतात. माझं मत वेगळं आहे. पिअर (पायाखाली खोल घातलेले आधाराचे खांब) टाकून नीट दुरुस्त केलेला पाया, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि नव्या मालकाच्या नावावर होणारी वॉरंटी असेल, तर ते घर आपली चाल चालून स्थिरावलेलं असतं. पाच वर्षांच्या घराने अजून खरा कोरडा उन्हाळा पाहिलेलाही नसतो. जुन्या घरात स्लॅबखालचे बिडाचे पाइप मात्र कॅमेरा घालून तपासून घ्या. ते गंजून फुटले असतील तर फरशी उखडावी लागते.

गारा आणि विमा

वसंत ऋतूत इथे गारा पडतात, आणि त्या कैऱ्या पाडून जाणाऱ्या आपल्या वळवाच्या गारा नव्हेत. ११ एप्रिल २०१६ ला वायली गावात पडलेल्या गारांनी घरांची छपरं आणि खिडक्या फोडल्या. २०१५ च्या डिसेंबरात नाताळच्या दुसऱ्या दिवशी काउंटीच्या पूर्व भागात टोर्नेडोही आला होता. विम्यात वारा-गारांचा डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी आपण सोसायचा वाटा, बहुधा टक्केवारीत असतो. पाच लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छप्पर बदलताना पहिले दहा हजार डॉलर तुमचे. छप्पर किती वर्षांचं आहे ते विचारा, आणि विम्याचा आकडा सौदा पक्का व्हायच्या आधी हातात घ्या.

रस्ते आणि शेजारची मोकळी जमीन

नकाशावर प्रिन्स्टन ते मॅकिनी फार दूर दिसत नाही. पण मधला मुख्य रस्ता एकच, यूएस ३८०, आणि सकाळी तो तुंबलेला असतो. २०२० मध्ये १७,०२७ वस्तीचं प्रिन्स्टन २०२४ पर्यंत ३७ हजारांवर गेलं. रस्ते, पाणी, पोलीस काहीच पुरेना, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये शहराने नव्या घरबांधणीलाच तात्पुरती बंदी घातली. घर पक्कं करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला तिथून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा. टोलचाही हिशेब करा. डॅलस नॉर्थ टोलवे आणि सॅम रेबर्न टोलवे रोज वापरणाऱ्या दोघांच्या घरात टोलटॅगचं बिल विजेच्या बिलाशी स्पर्धा करतं. रेल्वे हवी असेल तर या गावांपैकी सध्या प्लेनो हाच पर्याय: डार्टची (डॅलस भागाच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेची) रेड लाइन पार्कर रोडपर्यंत येते आणि २०२५ मध्ये सुरू झालेली सिल्व्हर लाइन प्लेनोहून थेट डीएफडब्ल्यू विमानतळावर जाते. फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी डार्टमध्ये नाहीत.

इथे आईबाबांचाही विचार करा. सहा महिन्यांसाठी आलेली, गाडी न चालवणारी माणसं कडेच्या वसाहतीत अक्षरशः कोंडून पडतात. लायब्ररी, बाग, भाजीचं दुकान पायी गाठता येईल असं घर जुन्या गावांत मिळू शकतं. फ्रिस्कोचं कार्यसिद्धी हनुमान मंदिर, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, मुलांची मराठी शाळा, या गोष्टी आठवड्याच्या आठवड्याला लागतात. दर रविवारी पाऊण तास गाडी चालवायला लागली की त्या हळूहळू सुटतात.

घरामागे हिरवं शेत असेल तर एजंट म्हणतो, व्ह्यू बघा. तुम्ही शहराच्या वेबसाइटवर जाऊन झोनिंगचा (कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचा) नकाशा आणि भविष्यातल्या रस्त्यांचा आराखडा बघा. तिथे सहा पदरी रस्ता आखलेला असू शकतो. मॅकिनीच्या उत्तरेकडून यूएस ३८० च्या बायपासचा मार्ग २०२३ साली ठरला, आणि त्या रेषेच्या जवळ घरं असलेल्यांनी त्याआधी वर्षानुवर्षं सभा गाजवल्या. मेलिसात कचरा टाकण्याचं मोठं प्रादेशिक ठिकाण आहे. फ्रिस्कोत एक्साइडचा जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढणारा कारखाना २०१२ पर्यंत चालू होता. हे सगळं सार्वजनिक आहे, फक्त स्वतः शोधावं लागतं. आणि घर शहराच्या हद्दीबाहेर असेल तर आणखी सावध राहा. टेक्ससमध्ये काउंटीला झोनिंगचा अधिकार जवळपास नाही, म्हणून शेजारी काँक्रीटचा प्लांट आला तरी फारसं काही करता येत नाही.

किती वर्षांसाठी?

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घराने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. तीन वर्षांत घर विकायची वेळ आली आणि ते अजून वाढत्या वसाहतीत असेल, तर तुमची स्पर्धा थेट बिल्डरशी होते. तो दोन गल्ल्या पलीकडे तसंच नवं घर कमी व्याजदराच्या ऑफरसह विकत असतो. ग्राहक तुमचं वापरलेलं घर का घेईल? पूर्ण भरलेल्या भागात ही अडचण येत नाही. म्हणून व्हिसा अनिश्चित असेल तर ॲलन, प्लेनो किंवा मॅकिनीच्या बसलेल्या भागातलं थोडं लहान, थोडं जुनं घर मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दहा-बारा वर्षं नक्की राहणार असाल, मुलं लहान असतील आणि ऑफिसला रोज जावं लागत नसेल, तर सेलायना किंवा ॲनाचा विचार जरूर करा. तिथे मोठं अंगण परवडतं आणि वस्ती तुमच्याबरोबर मोठी होते.

जुनं घर घेताना टेक्ससच्या करारात ऑप्शन पिरियड मिळतो. थोडी फी भरून ठरावीक दिवस, बहुधा पाच ते दहा, कोणतंही कारण न देता माघार घेता येते. तपासणी, पाया, छप्पर, विम्याचा आकडा, पिडची नोटीस हे सगळं त्या दिवसांत उरकायचं. बिल्डरकडून नवं घर घेताना मात्र करार त्याचा स्वतःचा असतो आणि त्यात ही मुदत बहुधा नसते. तिथे सगळी चौकशी सही करण्याआधीच करावी लागते, आणि भिंतींवर ड्रायवॉलचे (जिप्समचे) तक्ते बसायच्या आधी आपला स्वतंत्र इन्स्पेक्टर आत नेण्याची परवानगी करारात लिहून घ्यावी लागते.